मामांचं राजस्थान

आमच्याकडे राजस्थान ठरलं की सापुतारा होतो. यंदा सापुताराही झाला नाही, कारण सहलीची तिजोरी मामांकडे गेली. मामा म्हणजे हिचे मामा. बँकेतून कॅशिअर म्हणून निवृत्त झाले, स्वभावातून अजून व्हायचेत. चैत्रात अबू, राणकपूर, कुंभलगड करत कोरड्या डोंगरांतली छोटी गावं गाडीने पालथी घालायची, असा माझा बेत. मामांनी चष्मा कपाळावर चढवला.

"जावईबापू, अबूचं गुरुशिखर किती उंच?"

"१,७२२ मीटर."

"आणि आपला साल्हेर १,५६७. दीडशे मीटरसाठी अख्खा गुजरात ओलांडायचा?"

यावर काय बोलणार? शिवाय कोरडेपणात आमचा नाशिक जिल्हा कुणाला हार जाणारा नाही. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस सह्याद्री ओलांडताना असा रिकामा होतो, की चांदवड-येवल्याच्या वाट्याला पाचशेच्या आसपास उरतो. घरचं वाळवंट असताना बाहेर कशाला जायचं!

हायवेचा टोल वाचवायला आम्ही दिंडोरी-वणीच्या रस्त्याने निघालो. पळस ओसरत आलेला, डोंगर उघडेबोडके. नांदुरीपाशी सप्तशृंगीच्या चैत्रोत्सवाची गर्दी लागली. खानदेशातून पायी आलेले लोक, खांद्यावर भगवे झेंडे, आणि रस्त्याकडेला त्यांच्यासाठी ताक-कलिंगडाचे मंडप. मामांनी गाडी थांबवायला लावली. "अहो, आपण पायी नाही आलो," मामी पुटपुटल्या. "मंडपापर्यंत पायीच जायचंय," म्हणत मामा रांगेत उभे. दोन ग्लास ताक झाल्यावर डायरी निघाली : नाश्ता, शून्य.

कळवण मागे टाकून सटाण्याला पोचलो. इथे मला नवस बोलायचा होता. देवमामलेदार यशवंतराव महाराजांचं मंदिर आहे ना! १८७०-७१ च्या दुष्काळात या मामलेदारांनी सरकारी तिजोरी उघडून १ लाख २७ हजार रुपये लोकांना वाटून टाकले. तपासणीला माणसं आली तेव्हा तिजोरी भरलेलीच सापडली, असं भाविक सांगतात. मी डोळे मिटून म्हटलं, महाराज, चमत्कार नको, नुसतं दार उघडायला लावा. डोळे उघडले तर मामाही हात जोडून उभे, चेहरा चिंतेत. बाहेर आल्यावर म्हणाले, "माणूस देवच. पण व्हाउचर नव्हतं हो."

साल्हेर आम्ही गाडीतूनच पाहिला. १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना जिथे उघड्या मैदानात हरवलं, तो गड. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीतही गेला. "आणि बघायला फुकट!" मामांचा ऊर भरून आला. वर चढायचं मात्र कुणी नाव काढलं नाही. ऊन असं होतं की सीटबेल्टचं बकल हाताला चटका देत होतं.

परतताना मामांना देवळ्याकडचा कांदा आठवला. उन्हाळ कांदा निघाला होता. शेताच्या बांधावर अर्धा तास घासाघीस होऊन लाल जाळीची पन्नास किलोंची गोणी डिकीत गेली, आमच्या बॅगा मांडीवर आल्या. तरी एक गोणी स्वस्तात उरलीच, ती मागच्या सीटवर मामींच्या शेजारी बसली. एसी लावला की तिची पातळ सालं उडून मामींच्या केसांत अडकायची. मामी एकेक साल काढून निमूटपणे मामांच्या कॉलरमध्ये सोडत होत्या.

कांद्यापायी चांदवडमार्गे यावं लागलं, म्हणजे हायवे आला, म्हणजे पिंपळगावचा टोलनाका आला. आडवी दांडी हलेना. फास्टॅगमध्ये पैसे नव्हते. रिचार्जचं काम मामांकडे होतं.

"आधीच भरून ठेवले तर त्यावर व्याज कोण देणार?" मामा म्हणाले.

रोखीत दुप्पट. मामांनी अंगठा ओला करून नोटा मोजल्या, उलट्या करून पुन्हा मोजल्या. मागचा ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढेना. मामांनी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि तीस वर्षांच्या सवयीने ओरडले, "लंच टाइम आहे!"