कुत्रा आणायचाय? आधी रील बघा

कुत्रा आणायचं ठरवलंत ना? मग घरात कुणाला विचारत बसू नका. विचारलंत की आई पहिला प्रश्न टाकणार, 'सकाळी सहाला त्याला खाली कोण नेणार?' शुभकार्यात अशी नाट लावणारी माणसं प्रत्येक घरात असतातच.

जात निवडताना फक्त रील बघा. निळ्या डोळ्यांचा सायबेरियन हस्की उत्तम. अंगावर केसांचा दुहेरी थर, जन्म बर्फात गाडी ओढण्यासाठी. १९२५ साली अलास्कात नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या गाड्यांनी टप्प्याटप्प्याने हजारावर किलोमीटर बर्फ तुडवून औषध पोचवलं. त्यांचा हा भाऊबंद वाकडच्या टू बीएचकेमध्ये, एप्रिलच्या उन्हात, गॅलरीच्या जाळीला नाक लावून किती सुखात राहील! नागपूरकरांनी तर थेट आल्प्समधला सेंट बर्नार्डच घ्यावा. चपट्या नाकाचा पगही चालेल. त्याला उन्हात नीट श्वास घेता येत नाही, पण ती धाप व्हिडिओत हसल्यासारखी दिसते.

बिल्डिंगखालच्या गावठी पिल्लांकडे मात्र ढुंकूनही बघू नका. इथलं ऊन-पाऊस पचवलेली, वर फुकट. लिफ्टमध्ये कुणी 'कुठली ब्रीड?' म्हणून विचारलं तर काय सांगणार?

पिल्लू व्हॉट्सअ‍ॅपवरून ठरवावं. 'हेवी बोन, पंच फेस, शो क्वालिटी' एवढं वाचलं की आगाऊ रक्कम पाठवून मोकळं व्हायचं. त्याची आई दाखवा म्हणणं असभ्यपणाचं. विकणाऱ्याची नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असा केंद्राचा २०१७ चा नियम आहे खरा. पण महिन्याचं पिल्लू जास्त गोंडस दिसतं त्याचं काय? चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लं या वयात भावंडांशी खेळताना शिकतात म्हणे. शिकेल की तुमच्या मुलीच्या हातावर.

आणायचा मुहूर्त लक्ष्मीपूजनाचा. खाली हजाराची माळ, वर पंधरा पाहुणे, प्रत्येकाला पिल्लू कडेवर हवं. ते सोफ्याखाली दडलं तर पाय धरून बाहेर ओढावं, लाजतंय बिचारं. प्रसादाचा शिरा भरवावा, बेदाण्यांसकट. बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, चॉकलेट त्याला विष, कांदा-लसूण रक्ताला वाईट, ही सगळी डॉक्टर लोकांची खुळं. दुधाने जुलाब होतात म्हणतात, पण घरात धुणीभांड्याच्या मावशी आहेतच.

लसीकरणाची तर मुळीच घाई नको. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, तेव्हा डोस पूर्ण व्हायच्या आतच पिल्लू सोसायटीच्या बागेत सगळ्यांना दाखवून आणावं. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, म्हणजे विसरायला भरपूर वेळ मिळतो. आणि त्या रोगाची लक्षणं एकदा दिसली की उपाय जवळपास नसतोच. त्यामुळे नंतर धावपळ करायचाही प्रश्न नाही.

शू-शीचं वळण? झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच बाहेर न्यायचं, जागेवर केलं की शाबासकी द्यायची, असं जाणकार सांगतात. ते रिकामटेकडे असतात. तुम्ही संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर सकाळच्या डबक्यात त्याचं नाक घासा. कशाबद्दल ओरडताय हे त्याला कळत नाही, पण तुम्हाला बरं वाटतं. तुम्ही 'सिट' म्हणा, आजी 'बस रे बाळा' म्हणेल, चिरंजीव 'डाउन'. शेवटी कुणाचंच ऐकेनासं झालं की 'हट्टी जात' म्हणावं. दिवसभर एकटं कोंडल्यावर चपला कुरतडल्या तर तोही त्याचा स्वभावच.

कुत्रा बारा-चौदा वर्षं जगतो, हा हिशोब करूच नका. चिरंजीव आज चौथीत, 'मीच सगळं करीन' म्हणून शपथ घेतलीय. कुत्रा म्हातारा होईल तेव्हा चिरंजीव कुठे जर्मनीत एमएस करत असतील. सकाळी सहाला गुडघे धरून त्याला खाली नेणारी आईच असेल, जिला आपण विचारलं नव्हतं.

पण तेवढी वेळ बहुधा येतच नाही. वर्षभरात ग्रुपवर टाकता येतं, 'बदली झाल्याने प्रेमळ हस्की चांगल्या घरी देणे आहे.' सोबत फोटो मात्र पिल्लू असतानाचाच टाका.