लाइट्स चांगले होते

सांगलीत राहून "मला नाटकातलं काय कळत नाही" म्हणायची सोय नाही. पुण्यातला माणूस म्हणू शकतो, मुंबईतला तर म्हणतोच आणि वर ट्रॅफिकचं कारण देतो, पण आमच्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात त्यामुळं इथं असं बोलणं म्हंजे पंढरपुरात उभं राहून विठोबा कुठल्या गल्लीत राहतो विचारल्यासारखं. 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांपुढं सीतास्वयंवर नाटक केलं, रंगभूमी दिन त्याच तारखेला, भावे गौरव पदक देतात तेही त्याच दिवशी आणि इथंच, नाटककारांतले देवल शेजारच्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. एवढी वंशावळ पाठीशी असल्यावर गावातला कुणीच साधा प्रेक्षक राहत नाही, जन्मतः परीक्षकच असतो. माझ्या सासऱ्यांना, म्हंजे आण्णांना, नाटकाचं तिकीट काढून दिलं तर ते आधी खिशात पेन आहे का बघतात.

जुन्या नाटकांचं एक बरं असतं. कुठं हसायचं, कुठं हळहळायचं, कुठं वन्स मोअर म्हणायचं सगळं ठरलेलं, आपल्या आधी तीन पिढ्यांनी ते आवडून ठेवलेलं असतं, आपण फक्त जाऊन बसायचं. नवं नाटक आपल्या आधी कुणालाच आवडलेलं नसतं. सगळी जबाबदारी आपल्यावर. आणि लेखक जर आपल्या सख्ख्या बहिणीचा मुलगा असेल तर मग विषयच हार्ड.

हा आमचा भाचा दिवसा कुपवाड एमआयडीसीत नोकरी करतो आणि रात्री नाटक लिहितो. दिवाळी झाली की राज्य नाट्य स्पर्धेचे वारे सुटतात, पोरं ऑफिसातनं थेट तालमीला, घरी जेवायला कुणी नाही, बहिणीचा फोन, की अगं तो संहिता सेन्सॉरला पाठवलीय म्हणतोय, काय वाईट लिहिलं नसंल ना गं त्यानं? तिला वाटतं पोलीस येतील. मी सांगितलं, बाई, प्रयोग परीक्षण मंडळाकडं सगळ्यांनाच पाठवावी लागते, पौराणिक असलं तरी पाठवतात. तिचं समाधान झालं नाही. मग भाच्याचा फोन, "मावशी तू येणार ना? आण्णांना पण आण. काकांना... बरं, काकांना पण आण." हा जो मध्ये श्वास घेतला त्यानं, त्याला कारण आहे. आमचे हे नाटकाला येतात, खुर्चीत बसतात, तिसरी घंटा होते आणि ह्यांचा पहिला अंक सुरू होतो तो आतल्या आत.

तर गेलो. पडदा उघडायची वाट बघायची भानगडच नव्हती, हल्ली नव्या नाटकाचा पडदा आधीच उघडा असतो आणि स्टेजवर एक माणूस आपल्याकडं पाठ करून बसलेला असतो, आपण मोबाइलच्या उजेडात खुर्चीचा नंबर शोधत असतो आणि तो बघत नसला तरी आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. आण्णांनी विचारलं, "हा कोण, वायरमन आहे का?" मागच्या रांगेतून कुणीतरी शूक केलं.

स्टेजवर चार काळे ठोकळे. एक ठोकळा पलंग झाला, दोन जोडून एसटी झाली, मग त्याच एसटीवर पान वाढून बापाचं तेरावं झालं. पात्रांना नावं नव्हती. तो, ती, दुसरा तो आणि आवाज. दुसरा तो हा पहिल्या 'तो'चाच तरुणपणीचा तो आहे हे मला मध्यंतरात चहा घेताना एका कॉलेजच्या मुलीनं सांगितलं, तोपर्यंत मी त्याला त्या बाईचा दीर समजत होते आणि खरं सांगायचं तर दीर धरून नाटक जास्त रंगत होतं.

पण माझं लक्ष वेगळीकडंच अडकलं होतं. पहिल्याच प्रवेशात ती बाई गॅसवर कुकर चढवते. गॅस काल्पनिक होता, पण कुकर खरा, पाच लिटरचा, माझ्या बहिणीचाच, हँडलचा चटका मी स्वतः खाल्लेला आहे. एक शिट्टी झाली, म्युझिकवाल्यानं लॅपटॉपवरून दिली, चांगली दिली. दुसरी झाली. तिसरी झाली आणि ब्लॅकआउट. उजेड आला तो एकदम वीस वर्षांपूर्वीच्या पुण्यात, तिथं तो आणि ती पावसात भांडतायत, मग गावाकडची जमीन, मग धाकट्या भावाचं कर्ज, आवाज म्हणून जो होता तो मधूनच "आपण सगळे वाट बघतोय" असं म्हणायचा, सगळं छान चाललं होतं, पण कुकर? कुकर तसाच. कुणी गॅस बंदच केला नाही. बापाचं तेरावं झालं तरी कुकर चालू. मी ह्यांना कोपरानं ढोसलं, म्हटलं अहो गॅस चालू आहे. हे दचकून उठले आणि म्हणाले, "मी केला की बंद, निघताना." पुढच्या दोन रांगा हसल्या आणि दुर्दैवानं तेव्हा स्टेजवर ती रडत होती.

आमचा प्रेक्षक वाईट नाही हां. नाटक पकडत असेल तर भडंगाच्या पुडीचा आवाजसुद्धा बंद होतो, कुरकुरीत असलं तरी लोक तोंडात धरून ठेवतात. सुटायला लागलं की आधी एक खोकला येतो डाव्या बाजूनं, मग उजवीकडनं उत्तर जातं, मग पुड्या उघडतात. टीकाकार कोणी काय लिहील ते लिहील, मला खोकल्यावरून कळतं लेखकानं कुठलं पान फाडायला हवं होतं. भाच्याच्या नाटकात दुसऱ्या अंकात जमिनीच्या वाटणीचा प्रवेश होता, दोघं भाऊ ठोकळे ओढून घेतात, तेव्हा एक खोकला नाही. आमच्याकडं प्रत्येक घरात तो प्रवेश एकदा झालेला असतो.

शेवट कळत नाही अशी माझी तक्रार नाही. शेवट झालाय हे कळत नाही, ही तक्रार आहे. अंधार झाला की हा ब्लॅकआउट का समाप्त? टाळ्या वाजवाव्यात आणि परत लाइट येऊन ती पुण्यात दिसली म्हणजे? सगळं थिएटर अंधारात एकमेकांची वाट बघत बसतं, शेवटी पहिल्या रांगेतला एक शूर माणूस टाळी वाजवतो आणि त्याच्या मागून आम्ही सगळे सुटल्यासारखे वाजवतो. तो बहुतेक नटाचा बाप असतो.

आणि मग खरी परीक्षा, विंगेत जाऊन भेटायची. मेकअप उतरत असतो, कोण घामानं भिजलंय, कोण रडतंय, लेखक मात्र दाराजवळ उभा, दोन्ही हात खिशात घालून, आणि नजर आपल्यावर. "कसं वाटलं?"

ह्या प्रश्नाला सांगलीत पिढ्यानपिढ्या तयार केलेली उत्तरं आहेत. "वेगळं होतं" म्हणजे आवडलं नाही. "धाडसी प्रयत्न" म्हणजे मुळीच आवडलं नाही. "मेहनत दिसते" म्हणजे फक्त मेहनतच दिसते. "परत एकदा बघावं लागेल" म्हणणारा गावात परत दिसत नाही. पोरंपोरं आपापसात "काटा किर्र" म्हणतात पण ते चहालाही म्हणतात. आणि ह्या सगळ्यांचा राजा म्हणजे "लाइट्स चांगले होते". हे ऐकलं की लेखकाचा चेहरा पडतो, दिग्दर्शक मोबाइल काढतो, आणि लाइटवाला मात्र लांबून मान डोलावतो कारण त्याला खरंच वाटतं. आमचे हे रांगेत माझ्या पुढं होते. हे पूर्ण ताजेतवाने. भाच्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "लाइट्स फार सुंदर. डोळ्यावर येत नव्हते."

आण्णा म्हणाले, "पद नाही एकही?"

माझा नंबर आला. घरून निघताना मी "मेहनत दिसते" ठरवून आले होते, पण तोंड उघडलं आणि निघालं ते असं, "तिनं कुकर का बंद केला नाही रे?"

शांतता. मग आतून, अर्धा मेकअप उतरलेली 'ती' ओरडली, "मी तालमीत म्हटलेलं ह्याला!" दिग्दर्शक म्हणाला, अहो काकू, तिथं काळ गोठलाय. मी म्हटलं, काळ गोठू दे की, पण आतली डाळ? म्युझिकवाला म्हणाला चौथी शिट्टी माझ्याकडं होती, ह्यानंच काढायला लावली. पाच मिनिटांत तिथं असं भांडण पेटलं, की वाटणीच्या प्रवेशाचा दुसरा प्रयोग सुरू झालाय असं वाटावं. मी आण्णांना धरून हळूच बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी भाचा घरी हजर. मला वाटलं रुसला असेल, पण तो पोहे खाता खाता आण्णांशी भांडायला आला होता. पद नाही म्हणून काय झालं, वगैरे. आण्णा म्हणाले, आमच्या वेळची नाटकं बघ, कशी घट्ट बांधलेली. तर हा म्हणतो, "आण्णा, भाव्यांच्या वेळी तर लिहिलेले संवादच नसायचे. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं ऐनवेळी सुचेल ते बोलायची, राक्षस आरोळ्या ठोकत यायचे. आम्ही त्याला इम्प्रोव्हायजेशन म्हणतो आणि तुम्ही वायरमन म्हणता." आण्णा गप्प. मग हा सुटलाच. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ बघून पटवर्धन सरकारांनी भाव्यांना सांगितलं की असं आपल्यातही कर, म्हंजे तेही त्या काळचं प्रायोगिकच की. देवलांची शारदा 1899 ची, तेव्हा म्हाताऱ्यांची लग्नं आजूबाजूला लागत होती, बघायला आलेल्यांतलेच दोनचार घोड्यावर बसायच्या बेतात असतील. खाडिलकरांचा कीचकवध 1907 चा, कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे सगळ्या थिएटरला कळत होतं, सरकारला कळून बंदी घालायला 1910 उजाडलं. "तेव्हा विंगेत जाऊन कुणी म्हणालं असेल का, की लाइट्स चांगले होते?"

"मशाली चांगल्या होत्या म्हणाले असतील," आण्णा म्हणाले. म्हातारा हरत नाही.

पण मला त्याचं पटलं, कारण नवं नाटक बघून मी स्वतः दोनतीनदा खुर्चीला खिळलेय. प्राजक्त देशमुखांचं देवबाभळी बघायला गेले तेव्हा वाटलं होतं अभंग असतील, टाळ वाजतील, हात जोडून घरी येऊ. स्टेजवर दोनच बाया, तुकोबांची आवली आणि तिच्या पायातल्या काट्यापायी तिच्या घरी राबायला आलेली रखुमाई, आणि दोघींचं नवऱ्यांबद्दलचं गाऱ्हाणं एकच. माझ्या शेजारची अनोळखी बाई मध्येच मला म्हणाली, "आमच्याकडं पण हेच आहे." राजकुमार तांगडे यांचं शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला बघताना तर आण्णांनी पेन खिशात परत ठेवलं, जालन्याकडची शेतीत राबणारी पोरं काय बोलत होती, यम काय, शाहिरी काय, लोक हसता हसता एकदम गप्प व्हायचे आणि कुणाकडं बघावं ते कळायचं नाही. अशा नाटकानंतर विंगेत जायला भीती वाटत नाही, उलट बोलायला काही सुचतच नाही, आणि लेखक लोकांना बहुधा तेच हवं असतं. हे वीसेक वर्षांनी जुनं होईल, मग सगळेच म्हणतील आम्ही पहिल्याच प्रयोगाला होतो. भाच्याचं नाटक त्या जातीचं आहे असं मी म्हणत नाही. पण वाटणीचा प्रवेश आहे.

स्पर्धेत नंबर आला नाही. पोरांनी खचून न जाता काही महिन्यांनी मिरजेत परत प्रयोग लावला आणि ह्या वेळी नाटकानंतर चर्चा ठेवली. प्रयोगानंतरची चर्चा हा प्रकार कुणी काढला देव जाणे, भुकेच्या वेळेला खुर्च्या गोल मांडतात आणि "हा प्रश्न नाही, फक्त एक निरीक्षण आहे" असं म्हणून एकेक जण पाव तास बोलतो. हे त्यातही झोपले.

ह्या प्रयोगात मात्र बदल होता. शेवटी, सगळं संपल्यावर, भाऊ निघून गेल्यावर, ती बाई चालत येते, काल्पनिक गॅसची कळ फिरवते आणि कुकरवर हात ठेवून उभी राहते. अंधार. मला इतकं हायसं वाटलं की पहिली टाळी माझीच पडली.

चर्चेत एक दाढीवाले जाणकार उठले. म्हणाले, ह्या नाटकाचा कळस म्हणजे ती कुकर बंद करण्याची कृती, पिढ्यानपिढ्या साठलेला घराचा दाब ती एका मनगटाच्या हालचालीनं नाकारते, चौथी शिट्टी न होणं हीच तिची किंकाळी आहे, आणि लेखकाच्या ह्या जाणिवेला माझा सलाम. टाळ्या. भाचा स्टेजवर मान खाली घालून गंभीर बसलेला, कानाच्या पाळ्या लाल, 'ती' तोंडाला रुमाल लावून हसतेय. आण्णा माझ्या कानात म्हणाले, "तुला एवढं सगळं म्हणायचं होतं?"

मी म्हटलं, मला डाळ लागेल म्हणायचं होतं.

चर्चा संपवून बाहेर आलो तर भाचा गाडीपाशी येऊन उभा, हातात वही. नवीन नाटक सुरू केलंय म्हणाला, पुढच्या दिवाळीपर्यंत पुरं करायचंय. "मावशी, पहिल्या प्रवेशात ती इस्त्री करत असते आणि दाराची बेल वाजते. ती तशीच उठून जाते. इस्त्री चालू ठेवू का बंद करू?"

"आधी कापड सुती आहे का टेरिकॉट ते सांग," मी म्हटलं. तो लिहून घ्यायला लागला.