माल जातो, आपण जात नाही

गेल्या वर्षी जर्मनीतल्या एका कंपनीचा मेल आमच्या वर्कशॉपला आला. पंपाच्या बॉडीचं ड्रॉइंग, वर्षाला किती नग लागतील तो आकडा, आणि खाली तीन प्रश्न. धातूची तपासणी कुठल्या लॅबकडून करून देणार? बोटीच्या प्रवासात गंज धरू नये म्हणून पॅकिंग कसं करणार? आणि काही अडलं तर तुमच्याकडं कुणाशी बोलायचं? ड्रॉइंग आमच्या मिस्त्रींनी दहा मिनिटांत वाचलं. ओतताना साच्यातला कोअर, म्हणजे आतली जागा मोकळी ठेवणारा भाग, कुठं हलेल, कुठं नको ती पोकळी राहील, तेही बोट ठेवून दाखवलं. तीन प्रश्नांची उत्तरं जायला मात्र सोळा दिवस लागले. तोवर काम दुसऱ्या देशात गेलेलं.

आबांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवर धंदा सुरू केला होता. त्यांना हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "जॉब जमत नाही म्हणून गेला असता तर मला काही वाटलं नसतं रे."

ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

कोल्हापूर जगाशी जोडायचं म्हटलं की आपल्याकडं विमानतळ आणि रेल्वे, एवढीच चर्चा होते. ती व्हायलाच हवी. उजळाईवाडीची धावपट्टी १९३९ ची. तिथं नवं टर्मिनल व्हायला मार्च २०२४ उजाडला. कोकणात वैभववाडीला जाणारी रेल्वे २०१६ च्या अर्थसंकल्पात मंजूर झाली, पण अजून गाडी काही धावलेली नाही. आपले कंटेनर आजही रस्त्यानं न्हावाशेवा बंदराला जातात. हे सगळं बदललं पाहिजे, त्यासाठी भांडलंही पाहिजे. पण रस्त्यानं माल जातो, आणि माल तर आत्ताही जातोच आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल धरून ओतकामाच्या तीनशेच्या आसपास फाउंड्र्या आहेत. ट्रॅक्टर, ट्रक, पंप, व्हॉल्व्ह यांचे सुटे भाग इथं ओतले जातात आणि कुठल्या कुठं पोचतात. त्या भागावर शिक्का घेणाऱ्याचा असतो, पेटीवर नाव मधल्या व्यापाऱ्याचं. एकेकाळी याच उद्यमनगरातली ऑइल इंजिनं गावोगावच्या विहिरींवर चालायची. इंजिन कुठलं, हे शेतकऱ्याला प्लेट वाचून कळायचं. आज आपण त्याहून कितीतरी अवघड काम करतो, आणि ते आपण करतो हे कुणाला ठाऊक नाही.

चपलेचं तेच झालं होतं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं कोल्हापुरी दाखवली आणि नाव दिलं नुसतं 'लेदर सँडल'. सगळ्यांना राग आला, मलाही आला. कापशी गावाच्या नावानं ओळखली जाणारी चप्पल ही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, त्यावर बायकांनी घरात बसून घातलेली वेणी. महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून तिचं भौगोलिक मानांकन २०१९ मध्येच मिळालेलं आहे. पण राग आला तेव्हा काय घडलं ते नीट बघा. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेनं कंपनीला रीतसर पत्र लिहिलं. कंपनीनं उत्तर दिलं, प्रेरणा कुठून घेतली ते मान्य केलं. जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांच्या शेजारी बसली. डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, त्यात दोन्ही राज्यांत मिळून दोन हजार जोड बनवायचे ठरले. एका जोडाची किंमत आठशे युरोच्या घरात. सोशल मीडियावरच्या आरड्याओरड्यानं वातावरण तापलं हे खरं, पण दार उघडलं ते पत्रानं. कुणीतरी बसून, विचार करून, समोरच्याला कळेल अशा भाषेत ते लिहिलं.

तो करार चांगला की वाईट, त्यातला किती पैसा सुभाषनगरातल्या कारागिराच्या हातात पडतो, हे आपण डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. मानांकन असलं तरी ते नाव अधिकृतपणे वापरायचं तर कारागिराला स्वतःची नोंदणी करावी लागते. ती नसेल, तर परदेशातला खरा गिऱ्हाईक आला तरी बोलणार मधलाच माणूस. म्हणजे माझ्या पंपाच्या बॉडीची गोष्ट आणि चपलेची गोष्ट, दोन्ही एकाच जागी येऊन अडतात. हात आपले आहेत, तोंड दुसऱ्याचं.

आणि हे कोल्हापूरला शोभत नाही, कारण या गावाची रीत अशी नव्हती. शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड राजाच्या राज्यारोहण सोहळ्यासाठी इंग्लंडला गेले. येता-जाता युरोप डोळसपणे पाहिला. रोमचा जुना आखाडा पाहिला आणि इथं खासबागेचं कुस्ती मैदान उभं केलं, १९१२ मध्ये. कुठूनही बसा, कुस्ती दिसते. जगातलं बघायचं आणि आपल्या मातीच्या कामाला लावायचं, ते असं.

पुढं १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला खाशाबा जाधवांना पाठवायचं होतं, पैसे नव्हते. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्त्यांची मैदानं भरवून त्यांनी ते कर्ज फेडलं. ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो आणि खाशाबांच्या ताकदीबद्दल बोलतो. माझं मन हल्ली खर्डेकर सरांपाशी थांबतं. कुस्ती त्यांनी खेळली नाही. माणूस तिथवर पोचला पाहिजे, ही जबाबदारी मात्र त्यांनी आपली मानली.

जग इथं आलं तर आपण त्याला परकं ठेवत नाही, हेही मी बघितलंय. तालमींच्या फुटबॉल संघांतून नायजेरियाचे खेळाडू खेळले, तेव्हा पेठेतल्या पोरांनी त्यांना नावानं हाका मारल्या, घरात जेवायला बसवलं. शाहू स्टेडियमवर त्यांच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडलो आपण. एवढी आपुलकी असलेल्या गावाला एका मेलचं उत्तर वेळेत देता येऊ नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझं म्हणणं साधं आहे. लहान वर्कशॉपला निर्यातीसाठी वेगळा माणूस ठेवणं परवडत नाही. वीस-पंचवीस जणांनी मिळून चार-पाच मुलं-मुली ठेवणं परवडतं. आलेल्या प्रत्येक चौकशीला दोन दिवसांत उत्तर, तपासणीचे दाखले, पॅकिंगची माहिती, बँकेचे आणि कस्टमचे कागद, आणि पाहुणा आला तर त्याला भट्टीपर्यंत घेऊन जाणारं कुणीतरी. शिवाजी विद्यापीठात परदेशी भाषा शिकवतात. शिकून बाहेर पडलेली मुलं नोकरीसाठी पुणं गाठतात. त्यातली चार इथं राहिली, तर त्यांच्या पगारासाठी मी आजपासून माझा वाटा द्यायला तयार आहे. त्याच खोलीत एक टेबल चपलेच्या कारागिरांसाठी ठेवा. त्यांची नोंदणी, त्यांचे फोटो, त्यांचं स्वतःचं बँक खातं, आणि पत्रावर सही त्यांची.

बाहेर गेलेल्या आपल्या माणसांनाही मला सांगायचंय. तुम्ही गणपतीला फोटो पाठवता, तांबड्या-पांढऱ्याची आठवण काढता, ते गोडच वाटतं. पण तुमच्या गावातल्या कारखान्यात पंप कुठून येतात, खरेदी कोण बघतं, एवढं विचारून कळवाल का? एखादी फेरी आमच्या कुणाबरोबर त्यांच्या दारापर्यंत माराल का? तिथली रीत, तिथं बोलायचं कसं, हे तुम्हाला येतं. आम्हाला ते कुणी शिकवलेलं नाही.

मी काय सुरू केलंय तेही सांगतो. त्या जर्मन कंपनीला मी परत लिहिलं. काम गेलंय हे माहीत होतं, तरी तिन्ही प्रश्नांची पूर्ण उत्तरं दिली आणि उशिराबद्दल क्षमा मागितली. त्यांचं उत्तर आलं, पुढच्या चौकशीत तुमचं नाव धरू म्हणून. आणि आम्ही स्वतःचा एक बेंच व्हाइस, म्हणजे टेबलाला बसवायचा शिकंजा, करायला घेतलाय. परवा साच्यासाठी पॅटर्न करणारे काका विचारत होते, "मालक, बाजूला नाव कुठलं घालू, कंपनीचं?" म्हटलं, कंपनीचं खाली बारीक घाला. वर मोठ्या उठावाच्या अक्षरांत 'कोल्हापूर' घाला, देवनागरीतच. आबा शेजारी उभे होते. त्यांनी खडू घेतला आणि 'ल्ह' कसा यायला हवा ते फळीवर काढून दाखवलं.