गोळी लागली तरच पेन्शन? काहून बरं?

नागपूरजवळच्या कामठी छावणीतल्या माजी सैनिकांपासून आमच्या सोसायटीपर्यंत सगळ्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय: "अपंगत्व पेन्शन गोळी लागलेल्यांसाठी असते. आता बीपी-शुगरवाले फौजीही डबल पेन्शन उचलतात, तीही टॅक्स-फ्री. बीपी काय आपल्याला होत नाही? डॉक्टर ओळखीचा असला की झालं!" फौजींचे अर्ज-अपिलं लिहून देणं हे माझं रोजचं काम, म्हणून हे लिहितोय.

गोळीचं आधी. लढाईत जखमी झालेल्यासाठी वॉर इंज्युरी पेन्शन वेगळी असते, तिचा दरही मोठा. डिसॅबिलिटी पेन्शनमध्ये नोकरीमुळे जडलेला किंवा नोकरीमुळे बळावलेला आजार पहिल्यापासून धरलेला आहे. त्यात कोणी मागच्या दाराने आलेलं नाही.

आता "डबल". शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, हा हिशेब. लष्करी डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डाने 30 टक्के अपंगत्व लिहिलं तर नेहमीच्या पेन्शनवर जादा हाती येतात पगाराचे 9 टक्के. राउंडिंगमध्ये, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याच्या सवलतीत, 30 चे 50 धरले तरी 15. वयोमानाने निवृत्त होणाऱ्यांना तर हे राउंडिंगही 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने राम अवतार प्रकरणात दिलं. टॅक्सची सवलत आहे, पण ती फक्त बोर्ड-आऊट झालेल्यांपुरती, म्हणजे अपंगत्वामुळे मुदतीआधीच घरी पाठवलेल्यांपुरती, ठेवणारं परिपत्रक जून 2019 मध्ये निघालं आणि तेही कोर्टात गेलं.

"आपल्याला होत नाही का?" होतो ना! पण आपल्याला नोकरीत घेताना कोणी नखशिखांत तपासून "फिट" असं लिहून दिलं होतं का? फौजेत देतात. धरमवीर सिंग नावाचा जवान 1985 मध्ये असाच फिट म्हणून भरती झाला. 1994 मध्ये मिरगीच्या आजारावर 20 टक्के अपंगत्व लिहून त्याला घरी पाठवलं. आजार अंगचाच, नोकरीशी संबंध नाही, असं बोर्डाचं म्हणणं. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं: भरतीच्या कागदावर आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीतच झाला असं धरायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं द्यावीत. जवानाने पुरावा शोधत फिरायचं नाही.

आणि कारणं कशी असतात? माझ्याकडे येणाऱ्या कागदांवर बऱ्याचदा एक ओळ: "आजार पीस स्टेशनवर (म्हणजे सीमेपासून लांबच्या, शांत ठाण्यावर) सुरू झाला." झालं, क्लेम बाद. अहो, माणूस आदल्या वर्षी बर्फात होता, कामठीला आल्यावर बीपी मोजला गेला. बीपी काय मूव्हमेंट ऑर्डर, म्हणजे बदलीचा हुकूम, घेऊन येतो?

ओळखीचा डॉक्टर म्हणाल, तर बोर्डावर एकटा डॉक्टर नसतो. ओळखीने कामं होत असती तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण एवढी पायपीट कोणी केली असती?

गैरफायदा घेणारे असतील, नाही म्हणत नाही. सरकारनेही 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आणून बीपी-शुगरचे निकष आवळले. पण त्याआधी निवृत्त झालेल्यांना जुनेच नियम लागतात. मेसेज वाचून ज्यांनी अपील अर्ध्यावर सोडलंय, त्यांनी आधी आपल्या डिस्चार्ज बुकावरची तारीख बघावी.