सोमवारचा बांगडा

मालवणच्या बंदराजवळील एका खानावळीत गेल्या सोमवारी, भर दुपारी आणि सासुरवाडीच्या माणसांदेखत, एका सर्वस्वी अनोळखी गृहस्थांनी माझ्या ताटात हात घालून माझ्या बांगड्याचा काटा काढून दिला. माझे वय आणि डोक्यावर उरलेले पांढरे केस लक्षात घेता हे घडायला नको होते. परंतु घडले, आणि वर पत्नीने त्यांचे आभारही मानले.

दिवाळीची सुट्टी होती. पत्नी, मुलगी, कोल्हापूरहून आलेला मेहुणा, त्याची बायको आणि माझा एक जुना मित्र असा लवाजमा बरोबर होता, आणि फोंडा घाट उतरल्यापासून 'आमच्याकडचे मासे' या विषयावर मी अखंड बोलत आलो होतो. खानावळीतल्या पोऱ्याने आमच्या पोशाखावरून एकदा नजर फिरवली आणि शेजारच्या कोणत्याही टेबलावर नसलेले काटेचमचे आमच्यापुढे आणून ठेवले. इतरांच्या थाळ्या त्याने निमूट लिहून घेतल्या, मी मात्र बांगडा म्हणताच तो थांबला आणि म्हणाला, "बांगड्याला काटे असतात हां. त्यापेक्षा सुरमई देऊ? मध्ये एकच काटा असतो." मी बांगड्यावर ठाम राहिलो. तेव्हा त्याने माझ्या मुलीकडे पाहून, "पप्पांकडे लक्ष ठेवा," असे हसत सांगितले.

हा संवाद शेजारच्या टेबलावरून ते गृहस्थ ऐकत होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे ताजे पट्टे, पुढ्यात वरणभात, बटाट्याची भाजी आणि वाटीभर सोलकढी. ज्या खानावळीत भिंतींनाही तळलेल्या माशांचा वास लागला आहे, तिथे बटाट्याची भाजी खाणारा माणूस पाहून मेहुण्याला राहवले नाही आणि त्याने चौकशी केली. "आज सोमवार," ते म्हणाले. "रामेश्वराचा वार. आमच्या घरात आज मासे शिजत नाहीत."

"मग इथे कसे?"

"घरी वास येत नाही ना," त्यांनी अत्यंत सरळपणे सांगितले.

म्हणजे हे गृहस्थ दर सोमवारी उपासनेचा भाग म्हणून मासे सोडत आणि वासासाठी खानावळीत येऊन बसत. एवढ्यावर ते थांबले असते तर माझी काहीच तक्रार नव्हती. परंतु स्वतः खायचे नाही असे ठरवलेल्या माणसाचे सगळे लक्ष दुसऱ्याच्या ताटात असते, आणि खानावळीतले सर्वांत जवळचे ताट माझे होते.

"कुठून आलात?" त्यांनी विचारले. मी तोंड उघडण्यापूर्वीच मेहुण्याने "पुण्यास्नं" असे उत्तर देऊन टाकले. मी घाईघाईने म्हणालो, "मी हयलोच. माजा आजोळ देवबागाक." त्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि ते शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले, "अरे वा! मालवणी फारच छान बोलता. कुठे शिकलात?"

त्यानंतर मी तोंडातून मालवणीचे एकेक वाक्य काढत होतो आणि ते प्रत्येक वाक्याला वर्तमानपत्राच्या मराठीत उत्तर देत होते. "माका येता बांगडो खावक," असे मी म्हटले, तर ते म्हणाले, "येईल, येईल. सवयीने सगळे येते."

इतक्यात थाळ्या आल्या. रव्यात घोळून तळलेला अख्खा बांगडा, वाटीत तिरफळाचा सणसणीत वास येणारे सार, तांदळाची भाकरी. मी डोक्याच्या बाजूने पहिला तुकडा मोडला, तोच "अहो, थांबा, थांबा!" असा आवाज झाला आणि ते गृहस्थ वरणभाताचा हात धुऊन आमच्या टेबलाशी उभे राहिले. पुढची कृती त्यांनी एखाद्या शल्यविशारदाच्या गांभीर्याने केली. त्यांनी बांगड्याची शेपटी डाव्या चिमटीत धरली, उजव्या अंगठ्याने पाठीच्या रेषेवरून डोक्यापर्यंत एकच दाब दिला, वरची अर्धी बाजू अलगद उलटवली, आणि शेपटीपासून मधला काटा उचलून, बरगड्यांसकट, एकही तंतू न तुटता, माझ्या ताटाच्या कडेला आडवा ठेवला. मग त्यांनी बोटे नाकाजवळ नेली आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

"सोमवार मोडला की तुमचा," मी शक्य तितक्या थंडपणे म्हणालो.

"छे! हात लागल्याने मोडत नाही. जिभेला लागला तर मोडतो."

"दाजी, बघा की, किती सोपं हाय," मेहुणा म्हणाला. पत्नीने आपले ताट त्यांच्याकडे सरकवले. तिच्या पाठोपाठ मुलीने सरकवले. कोळंबी मागवलेल्या माझ्या मित्राला काढून घेण्यासारखे काही नव्हते, तरी त्यानेही 'हिचा मधला दोरा काढतात का हो' असा प्रश्न विचारून त्या वर्गात नाव नोंदवले.

हे सगळे बांगड्यावरून व्हावे, याचा संताप मला आजही आवरत नाही. पेडवे किंवा तारली असती तर मी समजू शकलो असतो, कारण त्यांच्या बारीक काट्यांपुढे भलेभले जपून खातात. परंतु बांगड्याला काढण्यासारखा काटा तो एकच. आमच्या आजीच्या घरी दूध सुटलेल्या पोराला पहिला मासा बांगड्याचाच मिळे, आणि काटा स्वतः काढता येईपर्यंत त्याला मोठ्यांच्या पंगतीत जागा नसे. त्या पंगतीत डोक्याचा तुकडा कोणाला, हे ठरलेले असायचे. सुरमईचे डोके आजोबांना, ते नसतील तर थोरल्या मामांना, आणि जावई आले असतील तर मामांनी दुपारभर तोंड पाडून बसायचे. मासे आणायला पैसे लागतात, हे मला फार उशिरा कळले. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढायची असे. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडलेले, त्याची दोन्ही टोके वाळूत उभी राहून माणसे खेचत, आणि आम्ही मुले दोराच्या शेवटी लोंबकळून ओढल्याचे सोंग करत असू. तेवढ्या सोंगाबद्दलही ओंजळभर मासे वाट्याला येत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्या बंदच असतात, आणि त्या दिवसांत आजी वर टांगलेला सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून, खोबरेल तेलाचा थेंब सोडून, पेजेबरोबर द्यायची. ताज्या सुरमईच्या एखाद्या जेवणाची आठवण पुसट झाली असेल, पण त्या पेजेची नाही.

आता खानावळीच्या दारात पाटी असते आणि तिच्यावर थाळ्यांपुढे आकडे असतात. सुरमई, पापलेट आणि शेवंड यांच्यापुढे मात्र फक्त 'आजचा भाव' एवढेच लिहिलेले असते. तो भाव विचारला की पोऱ्या आधी आपल्याकडे पाहतो आणि मग सांगतो, असा माझा संशय आहे. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा दर्जा मिळाला. तेव्हापासून त्याला मागवताना मला उगाचच परवानगी घ्यावीशी वाटते. सुरमईची तुकडी इतकी पातळ येते की, तिच्यातून पलीकडचे लिंबू दिसावे. त्याबद्दल मी खानावळवाल्यालाही पूर्ण दोष देत नाही. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडण्यावर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, तरी रात्री समुद्रात दिवे दिसतात, अशी तक्रार मालवणचे रापणकर आणि छोट्या होडीवाले वर्षानुवर्षे करत आहेत. खोल समुद्रातच मासा उचलला गेला, तर किनाऱ्याशी रापण ओढणाऱ्याच्या वाट्याला काय येणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आमच्या सोमवारच्या तज्ज्ञांनाही मी हे सांगू पाहिले. ते त्या वेळी माझ्या मेहुण्याच्या बायकोला कुर्ल्या, म्हणजे खेकडे, का मागवू नयेत हे समजावत होते. "अमावास्या होऊन गेली," ते म्हणाले. "चांदणे वाढत चालले की कुर्ल्या आतून पोकळ. पुढच्या अमावास्येला या." तिने ती तारीख मोबाइलमध्ये लिहून घेतली.

आमचे जेवण संपेपर्यंत ते आमच्याच टेबलावर येऊन बसले होते. बिलात सोलकढी एक जास्त लागली होती. ती कोणाची, हे मी विचारताच मालकांनी मान वर न करता सांगितले, "तुमच्याच टेबलावरची." मी वाद घालणार होतो, परंतु पत्नी तोपर्यंत त्या गृहस्थांना म्हणून चुकली होती, "उद्या मंगळवार आहे ना, काका? मग उद्या आमच्याबरोबरच जेवा."

या प्रस्तावावर घरच्यांचे आणि मित्राचे मत घेतले गेले. विरोधात मी एकटा होतो.

मंगळवारी मी ठरवून अर्धा तास आधी खानावळीत गेलो. ते येण्यापूर्वी माझा बांगडा येईल, मी तो शेपटीकडून धरून, अंगठ्याने दाबून, अख्खा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवीन, आणि ते आल्यावर त्यांच्या नजरेस पडेल अशा बेताने जेवत राहीन, अशी माझी योजना होती. काटा डोक्यापर्यंत अखंड निघाला. मी तो सहज दिसेल असा ठेवला. काका आले, माझ्या समोरच बसले, काट्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही आणि पोऱ्याला हाक मारून म्हणाले, "माका सुरमई हाड रे."

"बांगडा नाही?" मी विचारले.

"बांगडा?" ते पुन्हा माझ्यासाठी शुद्ध मराठीत शिरले. "छे हो. ते काटे काढत कोण बसणार!"

सुरमईची त्यांची तुकडी आमच्या सगळ्यांच्या तुकड्यांपेक्षा जाड होती. बिल अर्थातच आमच्या टेबलावर आले, आणि 'आजचा भाव' सोमवारपेक्षा मंगळवारी चढा होता.