गाणं गाजू द्या, हिशेब मागू नका

लोहा-कंधारच्या, अहमदपूर-परभणीच्या होतकरू कवी-गायकांनो, तुमचं गाणं गाजो. गाजल्यावर कसं वागायचं तेवढं आधीच ऐकून ठेवा. आमच्या मामांनी हे सगळं पाळलं अन् आज सुखात आहे. मामा नव्हे, गाणं.

पहिलं म्हणजे, कंपनीच्या कराराचा कागद वाचायचा नाही. इंग्रजीतला असतो, वाचून काय दिवे लावणार? रेव्हेन्यू स्टॅम्पवर आडवी सही ठोकायची, पाकीट खिशात घालायचं अन् गावची एसटी पकडायची. कॅसेटच्या काळात मामांनी हेच केलं. गाणं माळेगावच्या जत्रेत पाळण्याजवळच्या कर्ण्यावर वाजलं, टेम्पोत वाजलं, अजूनही वाजतंय.

लग्नात वाजलं म्हणून पैसे मागू नका. वरात अन् लग्नातले समारंभ कायद्यानंच माफ आहेत. डीजेवाल्याचं बिल तेवढं माफ नसतं.

तब्येतीची काळजी करत बसू नका. कवी गेल्यावरही 60 वर्षं गाण्यावरचा हक्क चालतो, तुमच्यावाचून कंपनीचं काही अडत नाही.

रॉयल्टी, म्हणजे गाणं वाजेल-विकेल तसा मिळणारा वाटा, हा शब्द तर तोंडातून काढूच नका. 1960 च्या दशकात लताबाईंनी तो आग्रह धरला, त्यावरून रफीसाहेबांशी बिनसलं अन् दोघांचं एकत्र गाणं काही काळ थांबलं. त्या लताबाई होत्या. तुम्ही कोण? तिकडं अमेरिकेत मारिया कॅरीचं 1994 चं नाताळचं गाणं 2019 मध्ये पहिल्यांदा तिथल्या यादीत अव्वल आलं. आता दर डिसेंबरला ते पुन्हा वर चढतं अन् बाईंना पैसे मिळतात, कारण लिहिण्यात-चाल लावण्यातही त्यांचा वाटा आहे. आपल्याकडं असले लाड नसतात. आपल्याकडं काय होतं ते परवाच पाहिलं.

तालुक्याला मामांचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, अन् पुढारी येईपर्यंत दोन तास ताटकळणं. मग माईक हातात देताना संयोजक कानाशी लागला, "शाहीर, दोनच कडवी." मामांनी गाणं म्हटलं. स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं, स्वतःच्या गळ्यातून. माझ्या पोरानं ते मोबाइलवर घेऊन नेटवर टाकलं, तर लगेच नोटीस: या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं गाणं आहे, जाहिरातीचे पैसे मालकाला जातील. दुसऱ्याच्या! तक्रार केली, तर 'करारानुसार' असं एका ओळीचं उत्तर. पोरानं मामांना समजावून सांगितलं. मामा म्हणाले, "मंग म्या काय म्हणावं आता? त्यायला इचारून?"

त्या कंपनीनं त्या गाण्यासाठी काय केलं? एक दुपार स्टुडिओ दिला. ढोलकीवाल्याला भाड्याचेसुद्धा पैसे दिले नाहीत, ते मामांच्या पाकिटातून गेले. त्या गाण्याला पुढं किती रुपये आले हे मामांना आजवर कोणी सांगितलेलं नाही. हिशेबाचा साधा कागद नाही. ही चोरीच आहे, फक्त सहीशिक्क्याची.

सल्ले राहू द्या आता, सरळच बोलतो. 2012 मध्ये कायदा बदलला. कवी अन् संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा कंपनीला करारात स्वतःच्या नावावर लिहून घेता येत नाही, तो वारसाला किंवा हक्क वसूल करणाऱ्या संस्थेलाच देता येतो. करारात मुदत नसेल तर कायदा पाचच वर्षं धरतो, म्हणून तर छापील कागदात 'कायमस्वरूपी' आधीच टाकलेलं असतं. जुन्या कागदांचं भांडण वेगळं, ते कोर्टात लढावं लागतं अन् मामांच्या वयाला ते झेपत नाही. पण तुमचं काय? मुंबईत आयपीआरएस ही असे हक्क वसूल करणारी संस्था 1969 पासून आहे. तिथं सदस्य होऊन गाणी नोंदवली तर कवी-संगीतकाराचा वाटा मिळू शकतो. ते सांगायला गेलं की तुम्ही म्हणता, "बघू नंतर, आधी व्ह्यूज येऊ द्या." व्ह्यूज कोणाच्या खात्यावर येतात ते एकदा बघा की!

अन् मंडळवाले हो, डीजेला हजारो मोजताना तुमचा हात आखडत नाही, कवीला मात्र नारळ. मामांना घरी सोडायला गाडीसुद्धा मिळाली नाही तुम्हाला. वर फ्लेक्सवर फोटो पुढाऱ्याचा मोठा, मामांचा कोपऱ्यात. पुढच्या वर्षी बोलवायला येऊ नका, मी त्यांना पाठवणार नाही.