एक तारा दिलेल्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर: निसान १८०एसएक्स गाडीसाठीचं बूस्ट कंट्रोलर किट

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला, सोबतचे तिन्ही फोटोही मोठे करून पाहिले. तक्रारी अशा: बूस्ट (टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा जादा दाब) ०.८ बारला लावूनही काटा १.१ पर्यंत उडतो, चौथ्या गिअरमध्ये ४,५०० आरपीएमनंतर गाडी मिसिंग मारते (ठिणगी चुकून झटके खाते) आणि गिअर बदलताना काळा धूर सोडते. तिन्हींचं खापर तुम्ही कंट्रोलरवर फोडलंय. त्यात एक चूक आमची आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

किटमधल्या कागदावर ‘स्क्रू दोन फेरे आत घेऊन सुरुवात करा’ असं छापलंय. ते जुन्या, मऊ स्प्रिंगच्या कंट्रोलरसाठी होतं. आता आत कडक स्प्रिंग येते, कागद मात्र तोच राहिला. सुरुवात स्क्रू पूर्ण सैल ठेवूनच करायची. तेव्हा फक्त अ‍ॅक्च्युएटरच्या स्प्रिंगइतकं (एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी वेस्टगेट झडप हीच स्प्रिंग धरून ठेवते), म्हणजे या गाडीच्या एसआर२०डीईटी इंजिनाच्या कंपनी टर्बोवर ०.५ बारच्या आसपास बूस्ट दिसायला हवं. तिथून पाव-पाव फेरा. दर वेळी ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागेवर पळवून मोजायच्या यंत्रावर) चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण दाबून बघायचं. दुसऱ्या गिअरमध्ये लोड टिकत नाही, बूस्ट पूर्ण चढायच्या आत गिअर संपतो, तिथे ०.८ लावलेली गाडी चौथ्यात त्याच्या वर जाते. कागद आता दुरुस्त केलाय.

पण काटा उडण्याचं मोठं कारण तुमच्या दुसऱ्या फोटोत आहे. कंट्रोलरची नळी ब्लो-ऑफ व्हॉल्व्हच्या (पाय काढल्यावर साठलेला बूस्ट सोडणाऱ्या झडपेच्या) नळीला टी मारून घेतलीय, म्हणजे सिग्नल इनटेक मॅनिफोल्डमधून (थ्रॉटलनंतर सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांतून) येतोय. वर ती नळी दोन-अडीच फूट लांब. थ्रॉटल अर्धवट असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो. पाय दाबल्यावर तिथलं प्रेशर आधी नळी भरणार, मग कंट्रोलरमधली स्प्रिंग दाबून तिथला बॉल उचलणार, मग वेस्टगेट उघडणार. तोवर टर्बो पुढे निघून गेलेला असतो. सिग्नल टर्बोच्या कंप्रेसर हाउसिंगवरच्या निपलवरून घ्या. नळी जाड भिंतीची, आतून ४ मिमी, जमेल तितकी आखूड, आणि प्रत्येक टोकाला टाय. कंट्रोलरच्या अंगावर सुईएवढं भोक आहे, ते अ‍ॅक्च्युएटरच्या बाजूला आलं पाहिजे. पाय काढल्यावर अडकलेलं प्रेशर तिथूनच निघतं. तुमच्या फोटोत भोकावर टेप आहे. ते लीकेज नाही हो, टेप काढा.

आता मिसिंग. तुम्ही लिहिता, ‘मिसिंगच्या वेळी वाइडबँड १५-१६ दाखवतो, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आता मोठे इंजेक्टर टाकतो.’ कृपया थांबा. वाइडबँड म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा सेन्सर. ठिणगी विझली की त्या सिलिंडरमधला ऑक्सिजन न जळता एक्झॉस्टमध्ये जातो आणि सेन्सरला तेच लीन (पेट्रोल कमी) दिसतं. पेट्रोल वाढवलंत तर प्लग आणखी ओले होतील. बूस्ट वाढला की प्लगच्या फटीतली हवा दाट होते आणि ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. तिसऱ्या फोटोतल्या प्लगच्या नावाशेवटी ‘-११’ आहे, म्हणजे गॅप १.१ मिमी. या बूस्टवर ०.८ च्या वर नको. एक पायरी थंड असा बीकेआर७ई घाला, तो ०.८ वरच येतो, तरी फीलर गेज लावून बघा.

प्लग बदलूनही मिसिंग राहिलं, तर कॉइल काढून रबरी नळकांडं उजेडात फिरवून पाहा. केसासारखी पांढरट किंवा काळी रेघ दिसली तर ठिणगी तिथून हेडला जातेय. प्लगच्या खड्ड्यात तेल साचलं असेल तर रॉकर कव्हरचं सीलही गेलंय. आणि तोवर गाडी रेव्ह लिमिटरवर आपटू नका. या इंजिनाचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे तुकडे) नुसते टेकलेले असतात, जास्त आरपीएमला जागेवरून उडतात.

खरा लीन कुठला, ते मिसिंग गेल्यावरच कळेल. पूर्ण लोडवर वाइडबँडचा आकडा ११.५ च्या आसपास हवा, १२.५ कडे सरकू लागला तर पाय काढा आणि आधी फ्युएल प्रेशर बघा. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून चालू इंजिनवर ३ बार, आणि नळी जोडल्यावर जितका बूस्ट तितकंच प्रेशर वर चढलं पाहिजे.

काळा धूर ब्लो-ऑफ व्हॉल्व्हमुळे येतो. या गाडीत एअर फ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा) टर्बोच्या आधी बसतो. मोजलेली हवा गिअर बदलताना तुम्ही बाहेर सोडता, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मात्र तिच्या हिशेबाचं पेट्रोल टाकून मोकळा होतो. व्हॉल्व्हच्या तोंडाला नळी लावून ती मीटर आणि टर्बोच्या मधल्या पाइपात परत न्या. आवाज कमी होईल, हे खरं. ही गोष्ट आम्ही विकतानाच सांगायला हवी होती.

एवढं करूनही लोडवर धूर राहिला तर पाइपिंगमधून हवा गळतेय. टर्बोच्या तोंडाला टायरचा व्हॉल्व्ह बसवलेलं झाकण लावा, ब्रीदरची, म्हणजे क्रँककेसमधली वाफ नेणारी, नळी बंद करा (नाहीतर प्रेशर क्रँककेसमध्ये शिरून सीलवर येतं), ०.७ बार हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. इंटरकूलरचे क्लॅम्प, थ्रॉटलच्या दांड्याची दोन्ही टोकं आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग आधी बघा.

कंट्रोलर परत पाठवायचा असेल तर पाठवा, पैसे पूर्ण मिळतील, वापरलेला असला तरी. ठेवायचा असेल तर परतीची नळी, क्लॅम्प आणि नवा कागद आमच्या खर्चाने पाठवतो. तुम्ही विचारलेला ‘१ बारपर्यंत चालणारा’ दुसरा कंट्रोलर मात्र देणार नाही. कंपनीच्या ईसीयूवर, कंपनीच्या पंपावर आणि या छोट्या टी२५ टर्बोवर आम्ही ०.८ च्या पुढे जा म्हणत नाही. पुढे तो नुसती गरम हवा ढकलतो आणि नॉकिंग (सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी पेटल्याचे ठोके) सायलेन्सरच्या आवाजात ऐकूही येत नाही. १.१ वर किती वेळा गेलात ते मोजून काही उपयोग नाही, पण कॉम्प्रेशन जरूर तपासा: इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचं कनेक्शन काढलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांमध्ये १ बारपेक्षा जास्त फरक आला, तर स्क्रू सैलच ठेवा आणि आकडे आम्हाला कळवा.